सिकलसेलवर ‘जनुकीय कात्री’ : बातमीतल्या शब्दांचा नेमका अर्थ काय?

नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्लीहून एक महत्त्वाची बातमी आली. सीएसआयआरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ जिनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी’ म्हणजेच आयजीआयबी या संस्थेने सिकलसेल आजारासाठी क्रिस्पर तंत्रावर आधारलेला पहिला भारतीय जनुकीय उपचार विकसित केला. बिरसा मुंडा यांच्या नावावरून त्याला ‘बिरसा १०१’ असं नाव दिलं गेलं. पुढच्या कामासाठी हे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आलं.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट, धुळे, नंदुरबार या भागांत सिकलसेल हा घरोघरी माहीत असलेला आजार आहे. आदिवासी समाजांबरोबरच विदर्भातल्या अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो. त्यामुळे अशी बातमी आली की तिथल्या दवाखान्यांत प्रश्न सुरू होतात. ‘आता रोजच्या गोळ्या बंद करायच्या का?’ ‘हे इंजेक्शन कुठे मिळतं?’ ‘माझी मुलगी वाहक आहे, तिलाही घ्यावं लागेल का?’ ‘शेत विकून पैसे उभे केले तर चालेल का?’

बातमी खरी आहे आणि आनंदाचीही आहे. पण तिच्यातले जनुकीय उपचार, जीन एडिटिंग, वाहक, चाचणी, निर्मूलन हे शब्द नीट समजले नाहीत तर माणूस दोन चुका करू शकतो. एक म्हणजे जवळ असलेला चांगला उपचार सोडून देणं आणि दुसरी म्हणजे नको त्या ठिकाणी पैसे घालणं. या दोन्ही चुकांची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणून हे शब्द एकेक करून पाहू.

जनुक म्हणजे काय आणि सिकलसेलमध्ये काय बिघडतं?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. त्यातली २३ आईकडून आणि २३ वडिलांकडून येतात. गुणसूत्र म्हणजे गुंडाळून ठेवलेला डीएनएचा लांबलचक धागा. या धाग्यावर ए, टी, जी, सी अशा चारच ‘अक्षरांत’ मजकूर लिहिलेला असतो. एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. या मजकुरातला जो भाग एखादं प्रथिन कसं बनवायचं ते सांगतो, त्याला जनुक म्हणतात. माणसात अशी सुमारे २० हजार जनुकं आहेत.

रक्तातल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. त्याचा एक भाग म्हणजे बीटा ग्लोबिन. त्याची कृती ११व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेली आहे. सिकलसेलमध्ये या जनुकातलं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. अशा बदलाला उत्परिवर्तन किंवा म्युटेशन म्हणतात.

एका अक्षराच्या या बदलाने ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. वाकड्या, ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी होतं. प्लीहा निकामी होत जाते आणि लहान मुलांना जीवघेणा जंतुसंसर्ग होऊ शकतो.

‘जनुकीय’, ‘आनुवंशिक’ आणि ‘वाहक’

हे तीन शब्द मराठीत बरेच घोटाळे करतात.

जनुकीय म्हणजे जनुकाशी संबंधित. आनुवंशिक म्हणजे आईवडिलांकडून मुलांकडे येणारं. सिकलसेल दोन्ही आहे. पण प्रत्येक जनुकीय आजार आनुवंशिक नसतो. बहुतेक कर्करोगांमध्ये जनुकं बिघडलेली असतात, पण तो बिघाड आयुष्यात कधीतरी शरीरातल्या एखाद्या पेशीत झालेला असतो. तो पुढच्या पिढीत जात नाही.

‘वाहक’ या शब्दाने आणखी गोंधळ होतो, कारण आपण तो दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिला अर्थ माणसाबद्दल आहे. ज्याच्याकडे बीटा ग्लोबिनचं एक जनुक नेहमीचं आणि एक सिकलसेलचं आहे, तो सिकलसेल वाहक. त्याच्या रिपोर्टवर ‘एएस’ लिहिलेलं असतं. वाहकाला सहसा त्रास होत नाही, त्याला औषध लागत नाही आणि जनुकीय उपचार तर मुळीच लागत नाही. ज्याची दोन्ही जनुकं सिकलसेलची आहेत तो रुग्ण. त्याच्या रिपोर्टवर ‘एसएस’ असतं.

दुसरा अर्थ प्रयोगशाळेतला. बाहेरून तयार केलेलं जनुक पेशीच्या आत पोचवायला ज्याचा उपयोग होतो त्यालाही वाहक किंवा व्हेक्टर म्हणतात. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी केलेला विषाणू असतो. म्हणून ‘वाहकाद्वारे उपचार’ असं कुठे वाचलंत, तर त्याचा तुमच्या मुलीच्या ‘एएस’ रिपोर्टशी काही संबंध नाही.

जनुकीय अभियांत्रिकी घरात कधीच आली आहे

एखाद्या जीवाच्या डीएनएमध्ये हेतुपूर्वक बदल करणं म्हणजे जनुकीय अभियांत्रिकी. याचा पाया १९७०च्या दशकात घातला गेला. जिवाणूंमध्ये डीएनए ठरावीक जागी कापणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, सापडली होती. तुकडे जोडणारी विकरंही माहीत होती. १९७३मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका ठिकाणचा डीएनए दुसऱ्यात जोडून तो जिवाणूत घातला आणि जिवाणू वाढले तशा त्याच्या प्रतीही वाढल्या. अशा जोडलेल्या डीएनएला रिकॉम्बिनंट डीएनए म्हणतात.

याचा फायदा आपण रोज घेतो. पूर्वी मधुमेहासाठी इन्सुलिन गाई आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत असत. माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून बनवलेल्या इन्सुलिनला १९८२मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आज तुमच्या फ्रीजमध्ये इन्सुलिनची बाटली किंवा पेन असेल, तर ते याच तंत्राने बनलेलं आहे. बाळाला जन्मल्यावर २४ तासांत दिली जाणारी हिपॅटायटिस बी लसही यीस्टमध्ये जनुक घालून बनवली जाते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. इन्सुलिन टोचल्याने तुमचं जनुक बदलत नाही. बदल जिवाणूत केला आहे. तुम्हाला मिळतं ते फक्त त्याने बनवलेलं प्रथिन. जनुकीय अभियांत्रिकीने बनलेलं औषध आणि जनुकीय उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेतीतही हे शब्द येतात. आपल्याकडे २००२मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसात एका जिवाणूचं जनुक घातलेलं आहे. म्हणून तो जीएम, म्हणजे जनुक-सुधारित. मे २०२५मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ‘डीआरआर धान १०० कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ या भाताच्या दोन जाती जीन-एडिटेड आहेत. त्यात बाहेरचं जनुक उरलेलं नाही. भाताच्याच जनुकात छोटा बदल केला आहे. बाहेरून भर घालणं आणि आहे त्यात दुरुस्ती करणं हा फरक औषधातही तसाच लागू होतो.

जीन थेरपी की जीन एडिटिंग?

समजा, एका जाड पुस्तकात एक वाक्य चुकीचं छापलं आहे. एक उपाय असा की बरोबर वाक्याची चिठ्ठी पुस्तकात घालून ठेवायची. चुकीचं वाक्य तसंच राहतं. दुसरा उपाय असा की त्या पानावर जाऊन मजकुरातच खाडाखोड करायची.

चिठ्ठी घालणं म्हणजे जुन्या पद्धतीची जीन थेरपी. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या आजाराच्या बाळांसाठी ‘१६ कोटींचं इंजेक्शन’ म्हणून लोकवर्गणीची आवाहनं तुम्ही पाहिली असतील. ते याच प्रकारचं आहे. एका निरुपद्रवी विषाणूतून चांगलं जनुक पेशींत पोचवलं जातं. बाळाचं मूळ बिघडलेलं जनुक तसंच राहतं.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभा राहिलेला ‘नेक्सकार १९’ हा रक्ताच्या काही कर्करोगांवरचा उपचारही भर घालण्याचाच आहे. रुग्णाच्याच टी पेशी काढून त्यात एक नवं जनुक घालतात, म्हणजे त्या कर्करोगाच्या पेशी ओळखू शकतात. याला ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात मान्यता मिळाली आणि तो परदेशातल्या तशाच उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात मिळतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया ए असलेल्या पाच रुग्णांवर जीन थेरपी करून तिचे निष्कर्ष डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केले. उपचारानंतर त्यांचे रक्तस्राव थांबले. म्हणजे भारतात हे काम आधीपासून सुरू आहे.

मजकुरात दुरुस्ती करणं म्हणजे जीन एडिटिंग. त्यातलं सर्वांत गाजलेलं साधन क्रिस्पर. जिवाणू स्वतःवर हल्ला करणाऱ्या विषाणूंचा डीएनए कापण्यासाठी ही यंत्रणा वापरतात. तिचे दोन भाग असतात. एक म्हणजे ‘मार्गदर्शक आरएनए’, जो डीएनएमधली नेमकी जागा शोधतो. दुसरा म्हणजे ‘कॅस’ नावाचं विकर, जे तिथे काप देतं. मार्गदर्शक बदलला की काप देण्याची जागा बदलते. ही यंत्रणा हव्या त्या जागी वापरता येते हे दाखवणाऱ्या एमान्युएल शार्पेन्तिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२०चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वृत्तपत्रं याला ‘जनुकीय कात्री’ म्हणतात ते यामुळेच.

काप दिल्यावर पेशी तो स्वतः सांधते. बहुतेक वेळा सांधताना तिथला मजकूर थोडा बिघडतो आणि तो भाग बंद पडतो. म्हणून कात्रीने एखादी गोष्ट बंद करणं सोपं, नेमकं अक्षर बदलणं अवघड. त्यासाठी ‘बेस एडिटिंग’ हे पुढचं तंत्र आलं आहे. त्यात धाग्याचे दोन तुकडे न करता एक अक्षर दुसऱ्यात बदलतात.

शरीराबाहेर की शरीरात?

काही उपचारांत पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत देतात. सिकलसेलचे आतापर्यंत मान्य झालेले जनुकीय उपचार असेच आहेत. काहींत औषध थेट शरीरात सोडतात. २०२५मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया इथे यकृताचा एक दुर्मीळ जनुकीय आजार असलेल्या एका बाळासाठी खास त्याच्यापुरतं बेस एडिटिंगचं औषध काही महिन्यांत बनवून शिरेतून दिलं गेलं. त्याची बातमी जगभर गाजली.

रुग्णासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. ‘जनुकीय इंजेक्शन’ हा शब्द ऐकून लोकांना एक सुई टोचली की झालं असं वाटतं. सिकलसेलमध्ये आज तरी तसं नाही.

‘बरा होतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

जगातला पहिला मान्यताप्राप्त क्रिस्पर उपचार सिकलसेलसाठीच होता. त्याचं नाव कॅसजेवी. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३मध्ये आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी, १२ वर्षं आणि त्याहून मोठ्या रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली.

गंमत अशी की कॅसजेवी सिकलसेलचं चुकलेलं अक्षर दुरुस्त करतच नाही. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळं, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं. त्याला ‘एचबीएफ’ म्हणतात. ते विळ्यासारखं होत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत एक जनुक, बीसीएल११ए, ते बनणं जवळजवळ थांबवतं. कॅसजेवीमध्ये रक्तपेशींसाठी या जनुकाला चालू ठेवणारी कळ कात्रीने निकामी करतात. मग एचबीएफ पुन्हा भरपूर बनू लागतं आणि पेशी वाकड्या होणं कमी होतं.

या उपचाराच्या मुख्य चाचणीत पुरेसा काळ पाहता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग १२ महिने एकही गंभीर दुखण्याचा झटका आला नाही. ज्यांना वर्षातून अनेकदा रुग्णालयात भरती व्हावं लागत होतं, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण दोन बाबी समजून घ्यायला हव्यात.

पहिली : बदल फक्त रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींत होतो. बीजांडं किंवा शुक्राणूंत होत नाही. म्हणजे उपचार घेतलेल्या रुग्णाचे झटके थांबले, तरी तो आपल्या प्रत्येक मुलाला सिकलसेलचं एक जनुक देणारच. जोडीदार वाहक असेल, तर मूल रुग्ण असण्याची शक्यता तशीच राहते. म्हणून लग्नाआधीची तपासणी त्यालाही लागू आहे.

दुसरी : वर्षानुवर्षं सरकारी दवाखान्यात मिळणारी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूलही प्रामुख्याने एचबीएफ वाढवूनच काम करते. म्हणजे कात्री आणि कॅप्सूल यांचं उद्दिष्ट एकच आहे. कात्रीचा परिणाम जास्त आणि टिकाऊ, कॅप्सूलचा कमी आणि रोज घेतली तरच. पण ती आज मिळते, स्वस्त आहे आणि नियमित घेतल्यास झटके, छातीचा गंभीर त्रास आणि रक्त चढवण्याची गरज कमी करते. नवीन उपचाराची बातमी वाचून ही कॅप्सूल बंद करणं म्हणजे हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागणं.

धोके कोणते?

सुधारलेल्या पेशींना जागा मिळावी म्हणून रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या जुन्या पेशी आधी तीव्र केमोथेरपीने नष्ट कराव्या लागतात. त्या काळात जंतुसंसर्गाचा मोठा धोका असतो, काही आठवडे रुग्णालयात राहावं लागतं आणि पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या पालकांशी हे आधीच स्पष्ट बोलायला हवं.

कात्री चुकीच्या जागी चालली तर त्याला ‘ऑफ टार्गेट’ बदल म्हणतात. विषाणू-वाहकाने घातलेलं जनुक नको त्या जागी बसलं तर कर्करोग होऊ शकतो. २०००च्या सुमारास पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार असलेल्या मुलांवर जीन थेरपी झाली, त्यातल्या काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. कॅसजेवीच्याच दिवशी मान्य झालेल्या लिफजेनिया या सिकलसेलच्या दुसऱ्या उपचाराच्या माहितीपत्रकावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापलेला आहे. म्हणूनच अशा रुग्णांवर पुढची अनेक वर्षं लक्ष ठेवावं लागतं.

बीजपेशी किंवा भ्रूणात बदल करणं हा वेगळाच प्रश्न आहे, कारण तो बदल पुढच्या सर्व पिढ्यांत जातो. २०१८मध्ये चीनच्या हे च्यानक्वे यांनी असे बदल केलेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं. त्यांना तीन वर्षांची तुरुंगवासाची शिक्षा झाली. भारतातही आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे निषिद्ध आहे. कुणी ‘पोटातल्या बाळाचं जनुक दुरुस्त करून देतो’ म्हणाला, तर तिथून निघून या.

‘विकसित झाला’ आणि ‘उपलब्ध आहे’ यांतलं अंतर

आता ‘बिरसा १०१’कडे परत येऊ. प्रयोगशाळेत उपचार विकसित होणं आणि उत्पादनासाठी तंत्रज्ञान कंपनीकडे जाणं हे महत्त्वाचे टप्पे आहेत. त्यानंतर वैद्यकीय चाचण्या लागतात. आधी थोड्या रुग्णांवर सुरक्षितता पाहायची, मग परिणाम, मग जास्त रुग्णांवर दोन्ही. जनुकीय बदल मागे घेता येत नाही, म्हणून इथे घाई परवडत नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मान्यता दिल्यावरच तो नेहमीचा उपचार म्हणून देता येतो. बातमीत ‘विकसित’ हा शब्द असेल, तर ‘उपलब्ध’ हा शब्द आपल्या मनाने त्याला जोडू नये.

मग भारतीय उपचाराची एवढी गरज का? याचं उत्तर किमतीत आहे. कॅसजेवीची अमेरिकेतली जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानात आतापर्यंत देशात दोन लाखांहून अधिक रुग्ण सापडले आहेत. दोन लाखांना १८ कोटींनी गुणलं तर ३६ लाख कोटी रुपये होतात. केंद्र सरकारचं २०२५-२६चं संपूर्ण अंदाजपत्रक सुमारे ५० लाख कोटींचं होतं. या किमतीला हा उपचार आपल्या रुग्णांपर्यंत पोचणं अशक्य आहे. भारतात बनलेला उपचार कितीतरी स्वस्त पडू शकतो.

पण फक्त औषध स्वस्त होऊन भागत नाही. त्यासाठी पेशी गोळा करण्याची यंत्रं, निर्जंतुक कक्ष, तीव्र केमोथेरपी हाताळणारी टीम, रक्तपेढी आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा लागतो. ही सोय आज मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत आहे आणि बहुतेक रुग्ण धानोरा, भामरागड, धारणी, अक्कलकुवा अशा तालुक्यांत आहेत. उपचाराच्या तयारीबरोबर या अंतराची तयारीही आत्ताच सुरू व्हायला हवी.

‘निर्मूलन’ या शब्दाचा अर्थ

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून हे अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणं आणि २०४७पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन करणं हे त्याचं उद्दिष्ट. २०२५च्या मध्यापर्यंत सहा कोटींच्या आसपास तपासण्या झाल्या.

इथे निर्मूलन म्हणजे देवीच्या रोगासारखं नामशेष करणं नव्हे. सिकलसेलचं जनुक लाखो वाहकांमध्ये राहणारच आहे. लोकांना आपली स्थिती आधी कळावी आणि त्यामुळे आजारी मुलांचे जन्म कमी व्हावेत, असा त्याचा अर्थ. हे काम तपासणी आणि समुपदेशनाचं आहे, कात्रीचं नव्हे.

आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही जनुकं नेहमीची असण्याची २५ टक्के असते. ‘पहिलं मूल आजारी झालं, म्हणजे पुढची तीन सुरक्षित’ हा समज चुकीचा आहे. प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडवलं जातं. दोघंही वाहक असलेल्या जोडप्याने गर्भधारणा ठरवण्याआधी किंवा दिवस राहताच डॉक्टरांना भेटावं, म्हणजे गर्भाच्या तपासणीचा पर्याय वेळेत समजतो.

आणि वाहक असणं हा दोष नाही. वाहक मुलींची लग्नं मोडणं, कार्ड लपवणं हे प्रकार तपासणीलाच मारक ठरतात. माहिती दडवली की जोखीम तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते.

आज आपल्या हातात काय आहे?

– लवकर निदान. बाळाचे आई किंवा वडील वाहक असतील, तर त्याची तपासणी लवकर करून घ्या. प्राथमिक तपासणी पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून ‘एएस’ की ‘एसएस’ हे पक्कं करा.

– हायड्रॉक्सियुरिया. डॉक्टरांनी सुरू केली असेल तर रोज घ्या, सांगितलेल्या वेळी रक्त तपासा. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, स्वतःहून बंद करू नका.

– लसीकरण आणि संसर्गापासून बचाव. न्यूमोकोकलची लस चुकवू नका. लहान मुलांना डॉक्टरांनी पेनिसिलिन सांगितलं असेल तर ते द्या. रुग्णाला ताप आला तर ‘उद्या पाहू’ म्हणू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

– भरपूर पाणी, फॉलिक ॲसिड, खूप थंडी आणि अतिश्रम टाळणं.

– बोन मॅरो ट्रान्सप्लांट. सिकलसेल मुळापासून बरा करू शकणारा हा उपचार आजही उपलब्ध आहे. त्यासाठी पूर्ण जुळणारा दाता लागतो. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. लहान वयात परिणाम चांगले येतात. आजार तीव्र असेल तर याबद्दल तज्ज्ञांना विचारा.

– दिव्यांग प्रमाणपत्र. दिव्यांग हक्क कायदा, २०१६मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश आहे. पात्र रुग्णांनी हे प्रमाणपत्र काढून घ्यावं.

कुणी जनुकीय उपचार देऊ केला तर काय विचारावं?

१. याला भारतात मान्यता आहे का, की ही चाचणी आहे? चाचणी असेल तर तिचा ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’चा नोंदणी क्रमांक मागा. नोंदणी नसेल तर पुढे जाऊ नका.

२. चाचणीतल्या औषधाचे पैसे मागत आहेत का? चाचणीत सहभागी होणाऱ्याला त्या औषधाचे पैसे द्यावे लागत नाहीत. लाखो रुपये मागणारी ‘चाचणी’ संशयास्पद आहे.

३. हा जीन थेरपीचा उपचार आहे, जीन एडिटिंगचा आहे, की ‘स्टेम सेल’च्या नावाने काही वेगळंच दिलं जातंय? बोन मॅरो ट्रान्सप्लांटसारखे ठरावीक, मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल उपचार मान्य चाचणीबाहेर देण्याची आयसीएमआरची परवानगी नाही.

४. केमोथेरपी लागेल का? पुढे मूल होण्यावर काय परिणाम होईल? त्याआधी शुक्राणू किंवा बीजांडं जतन करता येतील का?

५. किती वर्षं पाठपुरावा करणार? काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची?

६. संमतिपत्र मराठीत किंवा आमच्या बोलीत समजावून सांगाल का? समजल्याशिवाय सही करायची नाही, आणि घरी नेऊन चार जणांशी बोलायला वेळ मागणं हा तुमचा हक्क आहे.

सिकलसेलचं चुकलेलं अक्षर १९५०च्या दशकात ओळखू येऊ लागलं, पण त्यावर हात ठेवायला आणखी साठ-सत्तर वर्षं लागली. पुढची काही वर्षं भारतीय रुग्णांसाठी खरोखर आशेची आहेत. त्या उपचारापर्यंत आपला रुग्ण धडधाकट पोचायला हवा. त्यासाठी या आठवड्याची कॅप्सूल चुकवू नका आणि घरातल्या ज्यांची तपासणी राहिली आहे, त्यांना घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.